हाताच्या खुणांचं पान

वडिलांचं तेरावं उरकून मी सांगलीहून दुबईला निघालो, तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि मिशीही नव्हती. विमानात झोप येईना. वाचायला काही हवं म्हणून आमच्या छपाईच्या ऑफिसने पाठवलेली पुस्तिका मोबाइलवर उघडली.

अमिरातीच्या सैन्याबरोबर काही देशांचा संयुक्त सराव होता. गोळीबाराच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून हाताने करायच्या खुणा त्या पुस्तिकेत होत्या. प्रत्येक देशाचं एक पान, त्यावर चार-चार चित्रांच्या ओळी, खाली त्या देशाच्या भाषेत अर्थ. मोठ्या देशांनी आपापली पानं तपासून पाठवली होती. सर्वांत लहान देशाची नऊच माणसं येणार होती, तपासायला त्यांचं कोणी नव्हतं. ते पान मी बघतो म्हणालो होतो. त्यांची भाषा मला येत नाही, पण प्रत्येक ओळीच्या मजकुरावर एक ते चार आकडे होते. ते चित्रांखाली लावायचे, एवढंच काम. ते लावत असताना वडील गेल्याचा भावाचा फोन आला. मी पानावर ‘ओके’ लिहिलं आणि विमानतळ गाठला.

आता दिसलं. पुस्तिका अरबी पद्धतीची, म्हणजे पहिलं चित्र उजवीकडे. एका ओळीत मी पहिला आकडा डावीकडे लावला होता. ‘गोळीबार थांबवा’ या खुणेखाली ‘पुढे या’ असं छापलं गेलं होतं.

उतरल्या उतरल्या साहेबांना फोन केला.

“पुस्तिका काल गेल्या रे,” ते म्हणाले. “दहाला फायरिंग. तिथे सगळ्यांचे मोबाइल काढून घेतात, मेल कोण बघणार? तळावरचा पास आहे ना तुझ्याकडे? मग यल्ला, नीघ, तूच जा.”

अल बर्शाला घरी वर गेलोच नाही. बायको पास घेऊन खाली आली, तिने माझ्याकडे नीट पाहायच्या आत टॅक्सी वळवली.

सरावाच्या तळाच्या गेटवरचा पहारेकरी पेशावरकडचा होता. त्याने पास पाहिला, मला पाहिलं.

“ये तो आपका बड़ा भाई लगता है.”

“मैं ही हूँ. वालिद गुज़र गए. हमारे यहाँ बाल उतारते हैं.”

त्याने छातीवर हात ठेवला. “अल्लाह सब्र दे. लेकिन मशीन फोटो नहीं मान रही, भाईसाब. मैं क्या मूँछ लगा दूँ आपको?”

सव्वानऊ झाले होते. तो बसा म्हणाला, मला बसवेना. खुर्ची ते गेटचा आडवा खांब, खांब ते खुर्ची, असा फिरत राहिलो. घरात वडिलांचा देह होता तेव्हाही मी असाच फिरत होतो. शेवटी म्हटलं, मला आत सोडू नका, त्यांच्यातलं कोणीतरी बाहेर बोलवा. त्याने आतला फोन उचलला.

त्या लहान देशाची एक सार्जंट बाई आली, हातात पुस्तिका. मी पान उघडून दाखवलं. तिने दोनदा वाचलं.

“आमच्या दोन पोरांनी हे काल रात्री पाठ केलंय,” ती इंग्रजीत म्हणाली. “आपल्या भाषेत छापलंय म्हणून खूश होते. तपासलं कोणी?”

“मीच.”

तिची नजर माझ्या डोक्यावर गेली. “तुम्ही आजारी होता का?”

“वडील गेले.”

खिशातून पेन काढून तिने उरलेल्या ओळीही माझ्याकडून तपासून घेतल्या. मी चित्रातली खूण करायचो, ती खालचा मजकूर इंग्रजीत सांगायची. आणखी एका ओळीत तीच चूक निघाली. मग ती पळतच आत गेली.

दहाला वाळूच्या टेकडीपलीकडे आवाज सुरू झाले. थोड्या वेळाने एकदम थांबले. ‘थांबवा’ची खूण झाली असणार; ती दोन पोरं जागेवरच राहिली का, ते इथून दिसत नव्हतं. मी आडव्या खांबाला धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने आवाज पुन्हा सुरू झाले, पहिल्यासारखेच, एका लयीत.

“सब ठीक है,” पहारेकरी म्हणाला. “अब घर जाओ.”

मी आणखी एकदा आवाज थांबून परत सुरू होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.