शहाणी पोरगी

पेन्शनीत निघाल्यापासून बऱ्याच केसेस विसरलो. आता तर कलमंही विसरायला लागलो आहे. दुसरीतली ती मुलगी मात्र विसरत नाही.

मी तेव्हा शिरूरच्या पोलीस ठाण्यात होतो. भीमाकाठच्या एका गावातून शाळेच्या बाईंचा ठाण्यात फोन आला. "पोरगी महिनाभर बोलत नाही. शाळा सुटायची वेळ झाली की रडते." शेजारचा एकजण तिला गाडीवरून घरी सोडायचा. ती त्याला मामा म्हणायची.

आम्ही साध्या कपड्यांत तिच्या घरी गेलो. जबाब आमच्या महिला फौजदार घेणार होत्या. मी गप्प बसायचं ठरलं होतं, पण माझी घाई नडली. "तू शहाणी आहेस ना? मग सांग बरं," म्हणालो. पोरीने मान खाली घातली ती वर केलीच नाही. परतताना जीपमध्ये मॅडम माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या हाताखालच्या, पण मला त्यांचा धाक होता. आता त्याही निवृत्त झाल्या. त्यांची आणि ठाण्यातल्या त्या पाणचट चहाची फार आठवण येते.

चौकशीला आणलेला मामा निवांत होता. "सायेब, लई शहाणी पोरगी हाय ती. असलं कायबाय कुणाला सांगायची न्हाई."

निर्दोष माणूस 'असं घडलंच नाही' म्हणतो. हा 'सांगणार नाही' म्हणत होता. आणि 'शहाणी' हा शब्द माझाच होता!

मी मॅडमना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या पोरीजवळ जमिनीवर बसल्या. "शहाण्यासारखं नको वागूस. आज हट्ट कर, वेडेपणा कर." बऱ्याच वेळाने पोरीने विचारलं, "सांगितलं तर आय मरंल व्हय?" त्याने तसंच बजावलं होतं. आईने तिला कुशीत घेतलं. "मी कुठं जात न्हाई, बाय. तू बोल." मग ती बोलली.

त्याला शिक्षा झाली, आमच्या दप्तरी केस निकाली निघाली. तिची निघाली नव्हती. आई दर आठवड्याला तिला एसटीने पुण्याला समुपदेशक बाईंकडे नेत राहिली, कितीतरी वर्षं. मध्येच पोरगी पुन्हा मुकी व्हायची, अंथरूण ओलं करायची. आई चिडली नाही. गुन्हा उकलला की काम संपलं, असं मी उगाच समजत होतो.

परवा केडगाव स्टेशनवर ती माऊली भेटली. पोरगी कॉलेजात आहे. "काय सांगू सायेब, लई तोंडाळ झालीया. एक बोललं की चार ऐकवती."

नोकरीत तक्रारी ढिगाने ऐकल्या. ऐकून जीव सुखावला, अशी ही एकच. डोळे पुसत म्हणालो, "बोलू द्या, ताई."