दुधाआधीची प्रार्थना

बहात्तरच्या दुष्काळातली एक सकाळ सांगते. जत तालुक्यातलं एक गाव, शाळेचा व्हरांडा आणि चुलीवर भुकटीच्या दुधाचं भलंमोठं पातेलं... त्या सकाळी मी जे शहाणपण केलं, ते घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहितेय म्हणजे आता गावभर होईल, होऊ दे.

मी तेव्हा बावीस वर्षांची. बायबलच्या ट्रेनिंगमधून नुकतीच बाहेर पडलेली, अंगात नुसता उत्साह. आमच्या मिशनने लहान मुलांसाठी दूध केंद्र काढलं होतं. सांगलीहून आलेल्या नर्स एस्तेरबाई तिथल्या मुख्य आणि मी त्यांच्या हाताखाली.

एस्तेरबाई पन्नाशीच्या, शिडशिडीत, बोलणं अगदी मोजकं. त्यांचा एकच नियम कडक होता... दूध घरी न्यायचं नाही, मुलाला समोर बसवून पाजायचं. घरी नेलं की चार तोंडं वाटेकरी होतात आणि पोर राहतं तसंच.

मला मात्र एक गोष्ट डाचत होती. महिनाभर आम्ही दूध देतोय, पण बाई येशूचं नाव म्हणून काढत नव्हत्या. कुणी विचारलंच तर सांगायच्या, नाहीतर आपण बऱ्या नि आपलं पातेलं बरं. मग आपल्यात आणि सरकारी माणसांत फरक तो काय, असं मला वाटायचं.

त्या दिवशी बाई शेजारच्या गावी एका बाळंतिणीला बघायला गेल्या होत्या. केंद्र माझ्या हाती. म्हटलं, हीच वेळ... मी रांग थांबवली आणि जाहीर करून टाकलं, आधी प्रार्थना, मग दूध. मी एकेक ओळ सांगायची, सगळ्यांनी मागून म्हणायची.

आणि म्हणाले की सगळे! बाया, पोरं, नातीला घेऊन आलेले एक मिशाळ आजोबा... मला तर भरून आलं. मनातल्या मनात मी बाईंची शाबासकीसुद्धा घेऊन टाकली.

एक आजी तेवढ्या गप्प होत्या. भागूआजी, धनगरवाड्यावरच्या. सून खडी फोडायच्या कामावर जायची, तिचं अंगावरचं दूध आटलेलं, म्हणून दीड वर्षाच्या नातवाला कडेवर घेऊन आजी रोज दोन मैल चालत यायच्या. मी म्हटलं, आजी, तुम्हीपण म्हणा ना.

"न्हाई बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमचा बिरोबा हाय. दुधापायी त्याला सोडून दुसऱ्याचं नाव घ्यायचं... बरं न्हाई दिसत ते."

मी जरा फणकाऱ्यानेच पुढच्या बाईचा पेला भरला. वाटलं, येतील वळणावर. आजी थोडा वेळ थांबल्या, पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागल्या. मी हाक मारली नाही.

बाई परतल्या तेव्हा पातेल्यात दूध होतं. या दिवसांत दूध उरलं कसं, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं. शाबासकी राहिली बाजूला... त्यांनी कडीच्या डब्यात दूध ओतलं, पदर डोक्यावर घेतला आणि "चल" एवढंच म्हणाल्या.

डोक्यावर ऊन आलेलं, वाटेत एक झाड नाही. बाई पुढे, मी मागे. मी मनात उत्तरं जुळवत होते, प्रार्थनाच तर शिकवली, काय वाईट केलं? दूध घरी न न्यायचा नियम बाईंनी स्वतःच मोडला होता, आणि डबा मी मागितला तर दिला नाही.

वाड्यावर पोचलो. आजी झोपडीच्या सावलीत बसून नातवाला ज्वारीच्या पिठाचं पाणी बोटाने चाटवत होत्या. पोर तोंड फिरवून नुसतं किरकिरत होतं, मोठ्याने रडायचंही बळ नव्हतं त्याच्यात.

आम्हाला बघून आजी घाईने उठल्या. आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि चक्क हात जोडले.

"सांगा बाई, काय म्हनायचं ते. म्हनते मी. पोराला भूक लागलीया."

सकाळी मान ताठ ठेवून नाही म्हणालेली बाई ती हीच... बिरोबा काही तिच्या मनातून हलला नव्हता. पोराची किरकिर ऐकवत नव्हती, इतकंच.

एस्तेरबाईंनी डबा खाली ठेवला आणि आजींचे जोडलेले हात आपल्या हातांनी सोडवले. "काही म्हणायचं नाही, आजी. चुकलं आमचं." आमचं म्हणाल्या, हिचं नाही म्हणाल्या. मग तिथेच मातीत बसून त्यांनी पेला भरला.

आजींनी आधी बिरोबाच्या नावाने दोन थेंब जमिनीवर शिंपडले. तेवढा वेळ बाई मान खाली घालून थांबल्या. मग पोर प्यायलं... घटाघटा, ठसका लागेपर्यंत. मी झोपडीच्या मागे जाऊन रडून घेतलं.

परतीच्या वाटेवर आता बोलणी बसणार म्हणून मी जीव मुठीत धरून चालले होते. बाई फक्त म्हणाल्या की उद्यापासून या वाड्याचं दूध तू पोचवायचं, ऊन चढायच्या आत. केंद्र बंद होईपर्यंत मी ते पोचवलं. एस्तेरबाईंनी आयुष्यात मला दुसरा उपदेश केला नाही.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणतो, तेव्हा कधीकधी भागूआजींचं ते "सांगा बाई, काय म्हनायचं ते" कानात येतं आणि माझ्या तोंडातले शब्द थांबतात. मग मी देवाचे आभार मानते, की त्या क्षणी डबा बाईंच्या हातात होता. माझ्या हातात असता ना... तर खरं सांगते, मी आजींना प्रार्थना म्हणायला लावली असती.