दुखवट्याची कॉफी

जिम्मा शहरातल्या आमच्या गल्लीत कुणी गेलं की पहिला निरोप मशिदीत किंवा चर्चमध्ये जातो, ज्याचं जे असेल तिथे. दुसरा निरोप मात्र सगळ्यांचा एकाच घरी, आद्दे तेजितूकडे; मोठ्या बाईला आम्ही मानाने आद्दे म्हणतो. दुखवट्यासाठी गल्लीने वर्गणी काढून चालवलेल्या मयत मंडळाची कॉफी तिच्या घरात असते.

कोण कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून सुगीला आम्ही सगळे मिळून वर्षाची कॉफी घेतो. ऐन पावसाळ्यात, घरोघरची कॉफी वाळक्या गवतासारखी लागायला लागली तरी दुखवट्याला आलेल्या माणसापुढे ताजीच ठेवायची. शिळी ठेवली तर मेलेल्याचा अपमान होतो.

तेजितूने ही कॉफी कशी ठेवावी? फळं वाळवून, टरफलासकट. सोललेले दाणे साठवणाऱ्या बायकांना ती हसायची. म्हणायची, अंगावरचा कोट काढून तुम्ही तिला थंडीत उभी करता आणि वर विचारता, हिला सर्दी कशी झाली. विणलेली पिशवी तुळईला टांगलेली, भिंतीला न टेकता. त्या खोलीत चूल नाही, कांदा नाही, लोणी नाही. एकदा मी हातात रॉकेलचा डबा घेऊन आले तर तिने मला अंगणातच थोपवलं आणि तिथूनच बोलून वाटेला लावलं. लागेल तेवढीच कॉफी उतरवायची, उखळात कुटायची, भाजायची आणि लगेच उकळायची. नवऱ्यामागे तिला ना शेत राहिलं ना दुकान. गल्लीत तिला जो मान होता तो या पिशवीचा.

मला दुसऱ्याच्या घरातलं कळल्याशिवाय चैन पडत नाही. मंडळाची कामं घेऊन कचेऱ्यांत भांडताना लागलेली खोड आहे. मोठ्या तापातून उठल्यापासून तेजितूचं काहीतरी बदललं होतं. भाजताना ती तवा नाकाशी नेईना. कान लावून बसायची, दाणे तडतडले की उतरवायची. धुराचा तवा पाहुण्यांपुढे फिरवायचा, प्रत्येकाने हाताने धूर ओढून घ्यायचा, ही रीतच आहे. पण ती तवा फिरवताना एकेकाचं तोंड निरखायची, बाजारात गिऱ्हाईक निरखावं तशी. मी विचारलं तर म्हणाली, "तुला भांडायला कचेऱ्या कमी पडल्या का, आता माझ्या तव्याच्या मागे लागलीस?"

पावसाळ्याच्या मध्यावर गिरणीवाला बुल्चा गेला. त्याच्या अंगणात तेजितूने कॉफी केली. पहिला घोट घेतला आणि ओल्या भिंतीचा पोपडा चाटल्यासारखं झालं. मी इकडेतिकडे पाहिलं. सगळे खाली बघून पीत होते. दुखवट्यात कॉफीला नाव ठेवत नाहीत. तिसरा कप आशीर्वादाचा, तो संपवूनच उठायचं. शिवणकाम करणाऱ्या रावदाने मात्र कप खाली ठेवला. "ही माती आहे," ती म्हणाली. बायकांनी तिला कोपराने ढोसून गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका नळावर बोलायला लागल्या. तेजितूने चांगली कॉफी बाजारात विकली आणि सडकी आणून भरली म्हणे. मंडळाचे प्रमुख आबा मिल्की यांनी रविवारी बैठक बोलावली. माझं डोकं फिरलं. मी तडक तेजितूच्या घरी गेले.

तिने पिशवी उतरवून माझ्यापुढे उघडली. वरचा पत्रा गळून पाणी दोरीवरून आत झिरपलं होतं. त्या अंधाऱ्या खोलीत काही नीट दिसत नव्हतं, पण कुबट वासाने मला ठसकाच लागला. तेजितूने पिशवीत तोंड घालून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "बघ, ठणठणीत आहे."

मग मला सगळं कळलं. मी विचारलं, कधीपासून? तिने लपवलं नाही. तापाबरोबर गेलं, म्हणाली, परत आलंच नाही.

"मग चोर का म्हणवून घेतेस?"

"चोरी शाबीत करायला पुरावा लागतो," ती म्हणाली. "नाक गेलं म्हटलं तर पिशवी रविवारीच जाईल."

मी चिडून बोलले, पुढच्या मयतालाही बुरशीच पाजणार का. त्यावर ती पिशवीचं तोंड बांधायला लागली. बांधता बांधता तिने विचारलं, "बुल्चाच्या बायकोने किती घेतली?"

"तिन्ही कप."

तिने पिशवी पुन्हा तुळईला टांगली नाही.

रविवारी कुणी आरोप करायच्या आत तीच उभी राहिली. विकली नाही, म्हणाली, सडली, आणि मला कळलं नाही, कारण मला वास येत नाही. बुल्चाच्या बायकोची तिने सगळ्यांसमोर माफी मागितली. आबा मिल्कींनी घसा खाकरून सुचवलं की पिशवी आता आमच्या घरी ठेवू. तेजितू म्हणाली, "आबा, तुमच्या घरात मेंढ्या बांधता. मेंढीच्या वासाची कॉफी कोण पिणार?" लोक हसले. मग आणखी दोघीतिघी पुढे सरसावल्या. तेजितूने सगळ्यांना थांबवलं आणि रावदाकडे हात केला.

रावदा भडकली. तिला वाटलं, हा टोमणाच आहे.

"सगळी गल्ली माती प्यायली," तेजितू म्हणाली. "तू एकटीने कप खाली ठेवलास. मला ते नाक पाहिजे. फक्त मशीन ओसरीवर काढ, त्याच्या तेलाचा वास कॉफीला लागेल."

"मशीन हलणार नाही," रावदा म्हणाली.

मशीन हललं. आठवडाभर त्यावरून दोघींची अशी जुंपली की बुल्चाच्या बायकोने दुखवट्यातून उठून मध्यस्थी केली. सडकी फेकून नव्याने भरलेली पिशवी आता रावदाच्या तुळईला आहे. तेजितू रोज जाते, टरफलं मुठीत घेऊन कानाशी वाजवते, ओल आहे म्हणते. रावदा हुंगते आणि नाही म्हणते. भाजायला अजून तेजितूच बसते, पण तवा आधी रावदापुढे जातो.