साडूच्या घराची किंमत

साडूने घर घेतलं ही बातमी बायकोने मला भाजी निवडता निवडता सांगितली, आणि मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. उगाच साधूपणाचा आव आणत नाही. माझा जळफळाट झाला. तोही साधासुधा नाही, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंदा खिडक्यांना काचा बसवण्याचा. नखांत कायम काच पक्की करायची पुट्टी, बोटांवर जुन्या कापल्याच्या खुणा, शिक्षण बेताचं आणि बोलणं त्याहून बेताचं. त्याची एक खोड सगळ्या नातेवाइकांत चेष्टेचा विषय होती. काच बसवली की दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ पुन्हा त्या घरी जायचा आणि पुट्टी वाळली का ते अंगठ्याने दाबून बघायचा. तेही फुकट! मी म्हणायचो, "साडूभाऊ, तुम्ही काचा बसवता की गावभर सासुरवाड्या करून ठेवता?" तो हसायचा. "ओली राहिली तर फटीतून गारठा आत येतो हो," एवढंच म्हणायचा.

आणि मी कोण? नोंदणी कचेरीतला खिडकी क्रमांक चार. शहरातलं कुठलं घर केवढ्याला विकलं गेलं याची जाहीर यादी दर महिन्याला निघते, ती गेली बावीस वर्षं मी तयार करतो. घराची खरी किंमत घेणाऱ्याच्या सासऱ्याच्या आधी मला कळते. राहतो मात्र भाड्याच्या दोन खोल्यांत. तिथे न्हाणीचं दार उघडं असलं की स्वयंपाकघराचं उघडत नाही. बायकोचं लग्नापासून एकच मागणं आहे, "एक खिडकी अशी हवी, जिच्यातून दुसऱ्याची भिंत दिसणार नाही." आणि साडूने घर घेतलं ते टेकडीकडच्या गल्लीत, दोन मजली!

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेल्या गेल्या मी यादी उघडली. गल्ली सापडली, अलीकडचं घर सापडलं, पलीकडचंही सापडलं. साडूचं नाही. मागचा महिना पाहिला, त्याच्या मागचाही पाहिला. नाहीच.

आता गंमत बघा. लोक रोज माझ्या खिडकीशी येऊन भांडतात, "शेजारचं घर विकलं गेलं, मग तुमच्या यादीत का नाही?" मी पोपटासारखं सांगतो. बक्षीस म्हणून दिलेलं घर यादीत येत नाही. कोर्टाच्या हुकुमाने नवराबायकोत वाटलं गेलेलं येत नाही. कर्ज थकलं म्हणून बँकेने विकलेलं येत नाही. नुसता अर्धा हिस्सा विकला तर येत नाही. आणि बाजारभावाच्या कितीतरी खाली कुणी दिलं, तर तेही येत नाही. यादी बघून लोक आपल्या घराचा भाव ठरवतात, मायेपोटी लावलेल्या किमतीने त्यांची फसगत व्हायला नको.

एकेक कारण मी साडूला लावून पाहिलं. बक्षीस? याला तर सासऱ्याने लग्नात घड्याळसुद्धा दिलं नव्हतं. बँकेची विक्री? त्याचं रजिस्टर वेगळं असतं, त्यातही नव्हतं. कमी किमतीत? छे! असा खुळा विकणारा याला कुठे भेटायला? म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. मी कागद घेतला आणि साहेबांच्या नावाने चिठ्ठी लिहिली, "सदर व्यवहार संशयास्पद वाटतो. कागदपत्रं रोखून चौकशी व्हावी." खाली सही ठोकली. साहेब सोमवारपर्यंत रजेवर होते, म्हणून चिठ्ठी खिशात ठेवली. ती पुढे गेली असती तर साडूचं घर वर्षभर लटकलं असतं. मला ते चांगलं ठाऊक होतं.

रविवारी त्यांनी घर बघायला बोलावलं. मी दारापासूनच खोट काढत निघालो. उंबऱ्याला चीर होती, कठडा डुगडुगत होता, जिना उभा होता. पण वरच्या खोलीत खिडकी होती, आणि तिच्यातून थेट टेकडी दिसत होती. बायको खिडकीशी गेली, चौकटीवर तळहात टेकवून उभी राहिली. बडबडली असती तर चाललं असतं. ते गप्प उभं राहणं मला बघवेना.

"साडूभाऊ, केवढ्याला पडलं?" मी सरळ विचारलं.

"ते आजींना विचारा," तो म्हणाला.

कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. घर आधी तिचंच होतं. साडूने ते विकत घेतलं होतं, पण ही खोली मरेपर्यंत तिची, असं करारातच होतं. तिने चष्मा सारखा केला.

"अहो, तुम्ही खिडकी चार ना?"

मी मानेनेच हो म्हटलं. मला काही ओळख पटेना.

"गेल्या वर्षी मी तुमच्याकडे आले होते. म्हटलं, मला पूर्ण पैसे नकोत. वर राहू द्यावं, आणि सकाळ-संध्याकाळ कुणीतरी वर येऊन विचारावं, आजी, आहात ना? असं घर विकता येतं का? तुम्ही म्हणालात, येतं, फक्त आमच्या यादीत दिसणार नाही. फार नीट समजावलंत हो. मग आपणहूनच म्हणालात, मी एकवीस वर्षं भाड्याने राहतोय. मी म्हटलं, मग तुम्हीच घ्या की! जमेल तेवढे द्या."

ती हसायला लागली. "काय म्हणालात, आठवतं का?"

आठवलं. शब्दन् शब्द आठवला. "आजी, रोज दोनदा जिना चढायचा म्हणजे महागच पडलं की!" मागची रांग खो खो हसली होती. मीही हसलो होतो, आणि पुढच्या माणसाला बोलावलं होतं.

"मग वाऱ्याने ही काच फुटली," आजी म्हणाली. "हे तुमचे साडू आले, बसवून गेले. दुसऱ्या दिवशी पुट्टी बघायला आले, तेव्हा मला ताप होता. म्हणून तिसऱ्या दिवशीही आले. तेव्हापासून येतातच आहेत."

साडू मान खाली घालून नखातली पुट्टी काढत होता. जरा जरी मिरवला असता तरी मला बरं वाटलं असतं! जळफळाट तसूभरही कमी झाला नाही. उलट आता तो कुणावर काढावा तेच कळेना.

बायको खिडकीपासून वळली. तिने सगळं ऐकलं होतं.

परतताना रस्त्यात मी खिशातली चिठ्ठी काढून तिचे बारीक तुकडे केले. "काय ते?" तिने विचारलं. "कचेरीतलं," मी म्हणालो. वळणावर तिने मागे वळून त्या खिडकीकडे पाहिलं.

"अहो, पायऱ्या किती होत्या त्या जिन्याला?"

मला माहीत होतं. खोट काढायची म्हणून चढताना मोजल्या होत्या.

"चौदा."

"चौदा," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने आधी न्हाणीचं दार लावलं, मग स्वयंपाकघराचं उघडलं.