टाच खोटं बोलत नाही

वॉर्डात आलेला प्रत्येक जण आधी आजाऱ्याचं तोंड बघायचा. भांबळ सिस्टर मात्र पायथ्याशी जायच्या, पांघरूण वर करायच्या आणि टाचा बघायच्या. नगरच्या मिशनच्या दवाखान्यात आम्ही अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, नेलं त्या दिवशीही त्यांनी तेच केलं. आई बिचारी पदर सावरून सगळी हकीकत सांगत होती आणि या बाईंचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. माझ्या कपाळावर आठी पडली. ती त्यांना बरोबर दिसली. "पोरी," त्या म्हणाल्या, "मानूस तोंडानं खोटं बोलतो. टाच न्हाई बोलत."

साल दुष्काळाचं. आमच्या तिसगावच्या मळ्यातली विहीर आणखी खोल करायला अण्णा उतरले आणि दोर सुटून पडले. कमरेखालचं अंग गेलं. मी मिरजगावला नांदत होते; सासूबाईंना विचारून त्यांची उस्तवार करायला आले. मणक्याचं आता फारसं काही होणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. एका जागी पडून पाठीला, टाचांना जखम पडू द्यायची नाही, एवढंच हातात होतं. ती पडून चिघळली असती तर अण्णा त्यातच गेले असते.

सिस्टर ठेंगण्या, सावळ्या, नखं मुळापर्यंत कापलेल्या. आजाऱ्याला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासून ऊन करायच्या. शिकाऊ मुलींना घेऊन खाटांमधून फिरताना त्या विचारायच्या, कोण वाळलाय, कोणाचं अंथरूण ओलं राहतं, कोण ताट तसंच सारतो. कण्हणाऱ्यापाशी फार थांबायच्या नाहीत. म्हणायच्या, "कुरकुरनारा आपसूक हालतो. मला गप पडनाऱ्याचं भ्या वाटतं."

आमचे अण्णा गप पडणारे. शिवाय मानी. त्यांची खाट भिंतीला लागून होती. सिस्टर त्यांना भिंतीकडे कुशीवर वळवून जायच्या, तेवढ्यात एसटीने गावाकडचं कोणी ना कोणी भेटायला यायचं. मग अण्णा आईला सांगायचे, मला उताणं कर, पाहुण्याला पाठ दाखवू का? आईने जन्मात त्यांचा शब्द मोडला नव्हता. ती मला हाताशी घेऊन त्यांना उताणं करायची. सिस्टर परत आल्या की पुन्हा वळवायच्या. बाजाराच्या एका दिवशी तर माणसांची रीघच लागली आणि अण्णा जवळजवळ दिवसभर उताणेच राहिले.

संध्याकाळी सिस्टरांनी त्यांना कुशीवर घेतलं. माकडहाडावर लाल चट्टा होता. त्यावर त्या रोज अंगठा दाबायच्या. दाबलं की जागा पांढरी पडायची आणि मग लाली परत यायची. रक्त खेळतंय, जागा जिवंत आहे, असा त्याचा अर्थ, हे मला एव्हाना कळलं होतं. त्या दिवशी अंगठा दाबला तरी लाली हलली नाही. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. शिकाऊ मुलगी स्पिरिट चोळायला पुढे झाली, तिचा हात त्यांनी धरला. "आता चोळू नगं. आतून नासाया लागलंय."

मी आईवर तोंड सोडलं. ती भिंतीला टेकून रडायला लागली. सिस्टरांनी मला गप्प केलं.

"त्यांचं काय चुकलं? आपल्यात पाव्हन्याला पाठ दावीत न्हाईत. ही खाटच चुकीच्या जागी हाय."

त्यांनी दोन वॉर्डबॉय बोलावले आणि खाट ओढून मधोमध आणली. भेटायला येणाऱ्यांना त्यांनी बजावलं, की अण्णांचं तोंड ज्या बाजूला असेल त्या बाजूला बाकडं न्यायचं. मग काय, अण्णांना कूस बदलून दिली की फेटेवाले कारभारीही बाकडं उचलून पलीकडे जायचे. ते बघून अण्णा पडल्यापासून पहिल्यांदा हसले. येण्याजाण्याची वाट अडते म्हणून डॉक्टर कुरकुरले. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि खाट तिथेच राहू दिली.

कातडी फुटलीच. बोराएवढी जखम झाली, आणि ती भरायला पावसाळा उजाडला. तोवर सिस्टरांनी मला सगळं शिकवलं. लेकीने अंग उघडं करायचं म्हणून अण्णा डोळे मिटून घ्यायचे. सिस्टर म्हणायच्या, "मिटा डोळे. पर कूस बदलू द्या."

घरी परतल्यावर अण्णांची खाट सोप्यात मधोमध टाकली, ती ते जाईपर्यंत तिथेच होती. आलेलं माणूस न सांगता फेरा घालून त्यांच्या तोंडासमोर जाऊन बसायचं. बऱ्याच वर्षांनी ते छातीच्या दुखण्याने गेले. शेवटची आंघोळ घालताना त्यांची पाठ पाहिली. जुना वण सोडला तर धड होती. तोवर धरून ठेवलेलं रडू मला तिथे फुटलं.

पुढे कळलं, सिस्टर भाचीकडे अंथरुणाला खिळल्यात. अर्धं अंग गेलेलं. मी भेटायला गेले. खाट खोलीच्या मधोमध आणि सिस्टर दाराकडे पाठ करून निजलेल्या. मी हाक मारली आणि सवयीने पायथ्याशी गेले. टाच लाल होती. मी अंगठा दाबला, उचलला. लाली तशीच.

"काय म्हनती टाच?" त्यांनी मान न वळवता, जड जिभेने विचारलं.

"चांगली हाय, सिस्टर."

त्या म्हणाल्या, "हे तू तोंडानं सांगितलंस."

मी त्यांच्या पोटरीखाली उशी सारली, टाच अधांतरी राहील अशी. मग फेरा घालून त्यांच्या तोंडासमोर जाऊन बसले.