पाणी बंद

१९८१च्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग लखनौच्या एका लष्करी इस्पितळात होतं. मी हवालदार, नर्सिंग असिस्टंट. जूनमध्ये उन्हाने कोसळलेले जवान रोज यायचे. बर्फ, ओल्या चादरी, सलाईन. हात आपोआप चालायचे. वॉर्डात सगळेच थकलेले होते.

नाईक प्रल्हाद तायडे दुपारी स्ट्रेचरवर आला. अकोल्याकडचा, सेक्शन कमांडर, म्हणजे दहाएक जवानांचा म्होरक्या. रूट मार्चमध्ये घाम गाळत तो नुसतं पाणी पीत राहिला होता. अंग फारसं तापलेलं नव्हतं, पण बरळत होता. दाखल होताच त्याला झटका आला. उलटी झाली, ती छातीत गेली.

वॉर्डाचे डॉक्टर, मेजरसाहेब, यांनी तपासलं. "लू नहीं है. ब्लड भेजो. सोडियम, अर्जेंट."

रिपोर्ट आला. सोडियम एकशे दहा. एकशे पस्तीसच्या खाली जाऊ नये. रक्तातलं मीठ एवढं उतरलं की मेंदूला सूज येते.

"तेज़ नमक वाली सलाईन लगाओ. धीरे. जल्दबाज़ी की तो दिमाग़ जाएगा. और पानी बंद."

झटके थांबले. संध्याकाळी त्याने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आलमबागच्या भाड्याच्या खोलीतून त्याची बायको शांता आली होती.

"दादा, एक घोट तं द्या."

"वहिनी, ओठ ओले करा. पाणी नाही."

"असं कसं वो? घसा कोरडा पडला त्याईचा."

"पाण्यानंच हे झालंय. आणखी दिलं तर पुन्हा झटका येईल."

तिने कापूस भिजवून त्याच्या ओठांवर फिरवला. पुन्हा मागितलं नाही. तायडेने माझ्याकडे पाहिलं.

"माह्ये पोट्टे पोचले का?"

"पोचले. सेक्शनचे सगळे जवान."

त्याने डोळे मिटले.

सोडियम हळूहळू वर आलं. पण छातीत न्यूमोनिया पसरला. सोडियमचा रिपोर्ट नॉर्मल आला त्याच दुपारी तायडे गेला. मेजरसाहेबांनी त्याच्या तोंडावर चादर ओढली. मग पुढच्या पेशंटकडे वळले. मीही वळलो.

शांताने व्हरांड्यात मला गाठलं. "तवा पाणी देलं असतं तं?"

"तेव्हाच गेला असता."

"मंग बरं केलं," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

तायडे लढाईत पडला नाही, त्यामुळे त्याचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं नाही. त्याच्या सेक्शनचे सगळे जवान त्या मार्चहून धडधाकट परतले. नाईक प्रल्हाद तायडे तेवढा मागे राहिला.