आतून घासलेलं पिस्तूल

मंगळवार, ८ मार्च १९८८. सकाळी धुकं, मग ऊन. दहाला ओग्युस्त देतिए आणि म्हातारा लांबेर आले. त्रेसष्ट नंबर खोलून पाहिलं. देतिए म्हणतो, गास्पारने आतून घासलंय. कॉफी दिली नाही. दुपारी दाराची पायरी दोनदा धुतली.

एवढं लिहून एर्मिन वाथलेने पान टिपकागदाने टिपलं आणि वही मिटली. वयाच्या अकराव्या वर्षी मठाच्या शाळेत सिस्टर क्लोतिल्दने तिला शिकवलं होतं की घडलं ते वहीत लिहायचं आणि वाटलं ते देवाला सांगायचं. सदुसष्ट वर्षं तिने त्यात एका दिवसाचा खंड पडू दिला नव्हता. पण त्या दिवशी देवाला सांगायचं इतकं साठलं होतं की जपमाळ अर्ध्यावर टाकून ती उठली होती आणि बादली घेऊन पायरीवर गेली होती.

त्रेसष्ट नंबर म्हणजे नदीपलीकडच्या कारखान्यातून पहिल्या वर्षी बाहेर पडलेल्या पहिल्या शंभर पिस्तुलांतलं एक. शरात गावात अशी दोनच. त्रेसष्ट एर्मिनच्या कपाटात, नवरा गास्पार चार वर्षांपूर्वी गेला तेव्हापासून तिच्या नावावर. अठ्ठ्याऐंशी ओग्युस्त देतिएकडे. रविवारी पॅरिशच्या हॉलमध्ये संग्राहक मंडळाचं प्रदर्शन होतं आणि काचपेटीतली मधली मखमल दरवर्षी त्रेसष्टची असायची, खाली कार्ड: 'हात न लागलेलं.'

देतिए मंडळाचा अध्यक्ष. त्रेपन्न वर्षांचा, कारखान्याच्या पॉलिशखात्यात मुरलेला. तरुणपणी चार वर्षं तो दर शनिवारी गास्पारच्या तळघरात जुनी पिस्तुलं दुरुस्त करायला शिकला होता आणि जेवल्याशिवाय कधी गेला नव्हता. मंगळवारी त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं.

"वर्तमानपत्रावर नाही," एर्मिन म्हणाली आणि ते ओढून तिने फ्लॅनेल टाकलं. "शाई लागते. हेसुद्धा मीच सांगू?"

त्याने दोन स्क्रू काढले, वरचा सरकता भाग उचलला, डोळ्याला भिंग लावलं.

"हं."

"हं काय?"

"लांबेर, तूच बघ."

चिटणीस लांबेरने बघितलं. त्याचे हात थरथरत होते, पण नजर शाबूत होती. "चकचकीत आहे," तो पुटपुटला.

"चकचकीत? आरसा आहे! पहिल्या वर्षीच्या मालात आत कानशीच्या रेघा असतात. एक रेघ दाखव, अध्यक्षपद तुला देतो."

एर्मिनला हे शिकवायची गरज नव्हती. तिची आई मेलानी त्याच वर्षी त्या कारखान्यात बाहेरची बाजू घासणाऱ्या बायकांत होती. मागणी इतकी की बाहेरून काचेसारखं करायचं आणि आतलं कानशीने जसं सुटलं तसंच सोडायचं. 'आत कोण बघतंय?' आई म्हणायची, 'आत हात घालणारीला मुकादम घरी पाठवायचा.' आज त्या घाईच्या रेघा हाच पिस्तुलाच्या अस्सलपणाचा पुरावा होता. बाहेरची निळसर झिलई नवी करता येते. पोलादावर गंज चढवायचा, उकळायचा, तारेच्या ब्रशने झाडायचा, पुन्हा चढवायचा. तिच्याच कपडे उकळायच्या हंड्यात गास्पारने उशिराच्या मालातली किती पिस्तुलं उकळली याची गणती नव्हती. पण पहिल्या शंभरातलं आलं की तीन आठवडे तेलात ठेवायचं, हाडाच्या कपचीने गंज सोडवायचा आणि थांबायचं. पुसलेली रेघ परत आणता येत नाही.

"मादाम एर्मिन, वाईट वाटून घेऊ नका," देतिए म्हणाला, "पण गास्पारने आम्हाला पंचवीसेक वर्षं मूर्ख बनवलं."

"मूर्ख व्हायला तुला गास्पार लागला?"

"थट्टा नको. यंदा मधल्या मखमलीवर माझं अठ्ठ्याऐंशी राहील. आणि गास्पारच्या हाताखालून गेलेला सगळ्यांकडचा माल पुन्हा तपासावा लागेल. एकदा खोटं केलेला माणूस पुन्हा करतोच."

"माझ्या टेबलावर चार वर्षं सूप भुरकत होतास, ओग्युस्त. तेव्हा नजर इतकी तेज नव्हती तुझी."

"सूप चांगलं असायचं."

"असायचं. आता उठा तुम्ही, मस्य देतिए."

लांबेरने चमकून पाहिलं. शरातमध्ये तीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला एकाएकी 'तुम्ही' म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. देतिएच्याही ते लक्षात आलं. त्याने टोपी घातली, तीही घरातच.

एर्मिनला पिस्तुलांचं प्रेम नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासातसुद्धा गास्पारने रुमालात गुंडाळून एक बरोबर आणलं होतं आणि हॉटेलच्या चादरीला तेलाचा डाग पाडला होता. पन्नास वर्षं तिने ते डाग काढले, त्याची कुरकुर ऐकली, उकळत्या हंड्याच्या वाफेत उभी राहिली. माणूस कटकट्या होता, अबोल होता, वाढदिवस विसरणारा होता. पण खोटा नव्हता. त्याच्या अंत्यविधीच्या आदल्या दिवशी पाद्र्याने विचारलं, काय बोलू, तर तिने एवढंच सांगितलं होतं. खोटा नव्हता. गावाने ते देवळात ऐकलं होतं. आता तेच गाव तो खोटा होता असं म्हणणार होतं.

म्हणायला वेळही लागला नाही. बुधवारी बेकरीत चार बायका पुढे होत्या. काउंटरमागून मादाम कुनासने मोठ्याने विचारलं, "कोणता ब्रेड देऊ, मादाम वाथले? आमच्याकडे सगळं हात न लागलेलं असतं हो."

बायका फिसफिसल्या.

"हात लागला असता तर बरा भाजला असता," एर्मिन म्हणाली. ब्रेड घेतला, सुटे पैसे टाकले आणि बाहेर पडली. रस्ताभर तिचे कान जळत होते.

काहीतरी घडलं होतं, इतकं तिला आठवत होतं. तळघरात कोणीतरी रडलं होतं. पण कोण, कशावरून, ते आठवेना. लिहून टाकलं की तिचं डोकं ती गोष्ट सोडून द्यायचं, आणि लिहिलेलं ती परत वाचत नसे. त्रेसष्ट घरी आलं ते एकसष्टच्या शरद ऋतूत. गुरुवारी तिने खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या फळीवरून ती वही काढली आणि उभ्यानेच पानं उलटली.

'मंगळवार, १४ नोव्हेंबर १९६१. गा. तीन दिवसांनी आर्देनहून परतला. ओग्युस्तला त्रेसष्टला फक्त तेल द्यायला सांगून गेला होता. त्याने आतून पॉलिश कागदाने घासून आरसा केला. म्हणतो, रेघा बघवेनात. ओग्युस्त रडला. गा. जेवला नाही. मग म्हणाला, गप्प राहायचं, रविवारी मंडळासमोर हात न लागलेलं म्हणूनच मांडायचं. मी म्हटलं, मी लिहिते आहे. गा. म्हणाला, तुझ्या वह्या कोण वाचतंय. कोबी आणि सॉसेज.'

ती खाली बसली. पहिली सहा वाक्यं वाचताना छातीत जे उसळलं होतं ते पुढच्या वाक्याशी थिजलं. पॉलिशखात्यातला माणूस! दिवसभर पोलाद गुळगुळीत करणाऱ्याला खरखरीत पृष्ठभाग दिसला की हात शिवशिवणारच. ते ती समजू शकत होती, माफ करायला मात्र तयार नव्हती. पण गास्पार? दरवर्षी त्या कार्डाशेजारी तो छाती काढून उभा राहायचा. आणि तिने पाद्र्याला काय सांगितलं होतं?

"अक्कलशून्य माणसा," ती भिंतीवरच्या फोटोला म्हणाली. "रेघाच गेल्या होत्या ना! सांगून टाकलं असतंस तर मेला असतास का?"

दोन दिवस ती वही टेबलावर पडून होती. रडण्यापर्यंत वाचायचं आणि मिटायचं, हे सहज जमण्यासारखं होतं. देतिए आडवा झाला असता आणि गास्पार स्वच्छ राहिला असता. शनिवारी तिने तसं मोठ्याने वाचूनही पाहिलं. ऐकायला फार छान वाटलं. तिने वही आपटून मिटली.

रविवारी मिस्सा संपल्यावर हॉल भरला. मधल्या मखमलीवर अठ्ठ्याऐंशी होतं. बाजूला, कडेला सरकवलेल्या त्रेसष्टच्या खाली देतिएच्या अक्षरात कार्ड होतं: 'आतून घासलेलं. गा. वाथले यांचं काम.' कपाटातून तिने स्वतः पिस्तूल लांबेरकडे दिलं होतं. ते अशा कार्डाखाली ठेवतील हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"हे कार्ड चुकीचं आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण काचपेटीभोवतीचं बोलणं थांबलं.

"मादाम, आज सणाचा दिवस आहे," देतिए हसत म्हणाला. "नवऱ्याचा अभिमान घरी मिरवा."

"घरी तुम्ही येऊन बसलात म्हणून इथे आले." तिने चष्मा लावला आणि वही उघडली. तारखेपासून वाचायला लागली, शाळेत उभं राहून वाचावं तसं, शब्द न गाळता. 'म्हणतो, रेघा बघवेनात' इथे कोणीतरी शीळ घातली. 'ओग्युस्त रडला' इथे देतिएचा चेहरा मानेपासून लाल झाला.

लांबेरने तिच्या कोपराला हात लावला. "मादाम, पुरे. एवढ्यात समजलं सगळ्यांना."

"पान संपलेलं नाही."

आणि तिने पुढचं वाचलं. गप्प राहायचं, हेही वाचलं. कोण वाचतंय, हेही. सॉसेजपर्यंत सगळं.

 देतिए लोकांकडे वळला. "ऐकलंत? त्याला माहीत होतं! सव्वीस वर्षांपूर्वी माहीत होतं आणि मरेपर्यंत लपवलं!"

"हो. म्हणून कार्डावर दोन नावं यायला हवीत. घासलं तुम्ही, लपवलं त्याने."

"म्हातारीच्या वहीवर माझं नाव लावणार?"

"मग शपथेवर सांगा, तुम्ही घासलं नाही. इथे पाद्रीसाहेब उभे आहेत."

त्याने पाद्र्याकडे पाहिलं नाही. मागून कारखान्यातल्याच कोणाचातरी आवाज आला, "आणि अठ्ठ्याऐंशी, ओग्युस्त? ते कोणी उघडून पाहिलंय?"

"ते माझं आहे!"

"म्हणून तर विचारतोय. रेघा बघवत नाहीत ना तुला."

हशा पिकला, पण त्यात गंमत फारशी नव्हती. लांबेरने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि काचपेटीवर ठेवला. "उघडू या, ओग्युस्त. दोन मिनिटांचं काम."

देतिएने पेटीचं झाकण उघडलं, अठ्ठ्याऐंशी उचललं, डब्यात घातलं आणि माणसांना कोपराने बाजूला सारत निघून गेला. दार इतक्या जोरात आपटलं की खाण्याच्या टेबलावरच्या तांदळाच्या गोड टार्टवरची जाळी खाली पडली.

मधली मखमल रिकामी राहिली. त्रेसष्ट तिथे ठेवू या का, असं कोणी विचारलं नाही, आणि एर्मिननेही सुचवलं नाही. तिने पर्समधून कोरं कार्ड काढलं, मठाच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'ओ. देतिए यांनी १९६१ साली आतून घासलेलं. गा. वाथले यांनी हात न लागलेलं म्हणून मांडलेलं.' जुनं कार्ड तिने चार तुकडे करून पर्समध्ये टाकलं.

"फिट्टंफाट झाली तुमची," लांबेर कडवटपणे म्हणाला. भिंतीवर संस्थापकांचे फोटो होते आणि त्यात गास्पारही होता. दोघा सभासदांनी खुर्ची ओढली आणि तो उतरवायला घेतला. "पण गास्पारचं नाव तुम्ही स्वतः बुडवलंत."

"त्याने बुडवलं. मी तारीख सांगितली."

"पन्नास वर्षांचा संसार, मादाम."

"मलाही मोजता येतं, मस्य लांबेर. तो फोटो इकडे द्या. जमिनीवर ठेवू नका."

तिला सोडायला कोणी आलं नाही. फोटो काखेत, वही पर्समध्ये, असा चढ चढायला तिला वीस मिनिटं लागली. बेकरीच्या खिडकीत मादाम कुनास उभी होती. एर्मिन दिसताच तिने पडदा ओढून घेतला.

घरी आल्यावर एर्मिनने फोटो स्वयंपाकघरात भिंतीला टेकवला, तोंड भिंतीकडे करून. कोट काढला. मग टेबलापाशी बसून तारीख घातली: रविवार, १३ मार्च. हॉलमध्ये कोण काय म्हणालं ते ओळीने लिहिलं, मादाम कुनासचा पडदासुद्धा. खाली एक ओळ जागा उरली होती, तीही भरली.

तळघरातल्या बटाट्यांना कोंब फुटलेत; अर्धी टोपली निवडली, उरलेली उद्या.